द्वारकाक्काचं बोलावणं

द्वारकाक्का कुठंही गेली तरी बसायच्या आधी पडायची जागा बघायची.

लग्नाचा मांडव असो, कुणाच्या घरची ओटी असो, दाराशी उभी राहून ती आधी डोळ्यांनी जमीन चाचपायची. इथं उंबऱ्याचा कोपरा, इथं पाटा, इथं विस्तव. मग भिंतीलगतचा एक मोकळा तुकडा निवडायची, पायानं खडे बाजूला सारायची, पाठ भिंतीला टेकवायची आणि पाय लांब पसरून बसायची. कुणी खुर्ची पुढं केली तर म्हणायची, "नको गे बाई, खुर्चीवरनं जमीन लांब पडते."

परक्या माणसाला हे उद्धट वाटायचं. चारचौघांत पाय पसरून बसणारी बाई! त्यात ती अंगानं थोराड, उंच, आवाजानं खणखणीत. आम्हा वाडीतल्यांना कारण माहीत होतं. तिला चक्कर यायची. रोज नव्हे, महिन्या-दोन महिन्यांनीही नव्हे. पण कधी येईल त्याचा नेम नाही, आणि सुई दिसली की हमखास. चक्कर हा शब्द मात्र ती तोंडातून काढत नसे. नाव घेतलं की ती गोष्ट दारात येऊन उभी राहते, असं आमच्याकडे मानतात. ती म्हणायची, 'बोलावणं'. "काय झालं गे अक्का?" असं विचारलं तर पदरानं घाम टिपत म्हणायची, "काय न्हाई. बोलावणं आलतं. जाऊन आलो."

हो, 'आलो'च म्हणायची. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. दांडेलीच्या कॉलेजात मला यावरून हसले, म्हणून मी लिहिताना 'आले' लिहिते. आमच्या वाडीत डिग्री घेतलेली मी पहिली. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणायची पद्धत असते. मी मिरवायलाच सांगते. माझ्या आईला सही येत नाही, आणि मी तीन भाषांत अर्ज लिहिते. त्यामुळं वाडीतल्या कुणाचंही काम जोयड्याला, तालुक्याच्या गावी, एखाद्या कचेरीत किंवा दवाखान्यात निघालं की बरोबर मला पाठवतात. द्वारकाक्काबरोबर मी गेले ती अशीच.

पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती माझ्या ओळखीची होती. आमच्या शाळेत बिसीऊट शिजवायचं, म्हणजे पोरांना दुपारचं गरम जेवण करून वाढायचं काम तिच्याकडं होतं. मोठ्या टोपातलं सांबार ती दोन हातांनी ढवळायची, होडी वल्हवावी तशी. पोरांची नावं तिला हजेरीपेक्षा पक्की पाठ. कुणाचं पोट सकाळपासून रिकामं आहे, ते ती चेहऱ्यावरून ओळखायची आणि त्याच्या ताटात पहिला डाव पडायचा. कमरेच्या केळ्यात, म्हणजे लुगड्याच्या ओच्यात, मात्र कायम एक कांदा खोचलेला. आम्हाला वाटायचं फोडणीसाठी. तो हुंगायला होता. कान भरून यायला लागले की ती तो दातांनी फोडायची आणि नाकाला लावायची.

मी चौथीत असताना शाळेत इंजेक्शनं द्यायला माणसं आली. पोरं रडायला लागली. हेडमास्तर म्हणाले, द्वारकाक्काला बोलवा, पोरं तिचं ऐकतात. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "मी सांबार बघालोय!" मास्तर स्वतः गेले आणि तिला घेऊन आले. तिनं पहिल्या पोराला मांडीवर घेतलं, आपल्या तळहातानं त्याचे डोळे झाकले. स्वतःचे डोळे झाकायला तिसरा हात नव्हता.

सुई आत गेली, बाहेर आली. त्या पोरानं हूं की चूं केलं नाही. द्वारकाक्कानं त्याला हळूच खाली ठेवलं, उठली, भिंतीपर्यंत चालत गेली, पाठ टेकवली आणि घसरत खाली आली. भाताचं पोतं घसरावं तशी. मग एका कुशीवर कलंडली. तोंड तांदळाच्या पिठासारखं, डोळे अर्धे उघडे आणि त्यात नुसतं पांढरं. पोरांचं रडणं एकदम थांबलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती मेली.

थोड्या वेळानं तिचे ओठ हलले. पहिला शब्द आला, "सांबार लागलं न्हवं?"

मास्तर हसले, सगळे हसले. मी तिच्या डोक्याशी होते म्हणून पुढचं फक्त मला ऐकू आलं. ती स्वतःशीच पुटपुटली, "आज बांधापतूर आलती."

कोण आली होती, ते मला दहावीच्या सुट्टीत कळलं. आम्ही दोघी तिच्या परसात कणग्यांचे कंद खणत होतो. तिचा हात मातीत होता आणि ती सहज बोलावं तसं बोलली.

तिची आई खळ्यावर गेली. भाताची मळणी चालली होती, आई सुपानं वारवत होती, आणि सूप हातात धरूनच खाली बसली, मग आडवी झाली. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखं बोलावणं आलंय, येईल परत. आईलाही ते होतं. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा लावला. आई परत आली नाही. द्वारकाक्का तेव्हा परकर नेसायच्या वयाची.

"तवापासनं मला बोलावणं आलं की तीच दिसते गे. आधी कान भरतात, ओढ्यात बुडी मारल्यागत. मग माणसं लांब लांब जातात. गार घाम येतो. आणि मग खळं दिसतं. पयल्या खेपेला ती पार पलीकडं हुती, भाताच्या उडवीजवळ. मग जरा हिकडं. मग बांधाजवळ. दर खेपेला जवळ येते. हात पुढं करून उभी असते. रागात न्हाई. लेकीला घराकडं बोलवावं तशी."

"आणि पोचली तर?" मी विचारलं.

तिनं कणगीवरची माती अंगठ्यानं पुसली. "पोचली तर काय. आई हाय. हात धरल की."

मी तेव्हा सायन्सच्या पुस्तकातलं काहीतरी सांगितलं, मेंदूला रक्त कमी पडतं वगैरे. तिनं ऐकून घेतलं. "आसल," म्हणाली. "पुस्तकवाल्यांनी माझी आई कुठं बघितल्या?"

तिला भित्री म्हणणारा माणूस मूर्ख. जंगलात ती एकटी फिरायची. पावसाळ्यात जळवा पायाला लागल्या तर बोलता बोलता ओढून टाकायची, रक्ताचा ओघळ पदरानं पुसायची आणि चालायला लागायची. तेव्हा तिला काही होत नसे. मी एकदा म्हटलं, अक्का, हे पण रक्तच की. तर म्हणाली, "जळू इचारून चावत न्हाई. बसवून ठेवत न्हाई."

हीच तिची खरी भीती. बसवलं जाणं, बाही वर करणं, दंडाला रबर आवळणं, आणि मग वाट बघणं.

एका वर्षी वाडीमागच्या रानात माकडं मेलेली सापडली. माकडतापाच्या भयानं आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरायला लागली. ज्याला ताप असेल त्याचं रक्त घ्यायचं. द्वारकाक्काच्या अंगात नेमका ताप होता. जीप ओढ्याशी वाजली आणि ही मागच्या दारानं पसार. दिवसभर पत्ता नाही. तिचा नवरा सोमण्णा जंगलखात्याच्या रोजंदारीवर जायचा. हडकुळा, बारीक आवाजाचा, बायकोपेक्षा बोटभर बुटका. तो शोधत शोधत शेतावर गेला तर ही राखणीच्या माचावर पांघरूण घेऊन कुडकुडत बसलेली, आणि खाली भातात गव्यांचा कळप. गवे पांगेपर्यंत सोमण्णा झाडाआड उभा. मग त्यानं तिला खाली उतरवलं आणि रस्ताभर बडबडला.

"ताप घेऊन गव्यात बसलीस? व्हय गे, सुई बरी का गवा बरा?"

"गवा बरा. गवा दंड वर कर म्हणत न्हाई."

वाडीनं हे पुष्कळ दिवस पुरवलं. ताप साधाच निघाला, आपोआप उतरला. पण सोमण्णा हसत नसे. तो मला एकदा म्हणाला, "ह्या खेपेला गेला ताप. खरं हिला एक दिवस रगत द्यायलाच लागल गे. त्या दिवशी काय करायचं?"

तो दिवस आला तेव्हा मी डिग्री घेऊन घरी परतले होते. द्वारकाक्का विहिरीवरून येताना मध्येच बसते, हे मी दोन-तीनदा बघितलं. पडायची जागा न बघता, वाटेतच, घागर बाजूला ठेवून. ओठ पांढरे. पावलं सुजलेली. गोठ्यामागं दोरीवर फडकी वाळायची, नेहमीपेक्षा जास्त, आणि महिनाभर वाळतच राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं की जातंच की सगळं भायेर." शाळेत ती आता सांबार एका हातानं ढवळायची, दुसरा हात भिंतीला.

शेवटी सोमण्णा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. "तू शिकलीयास. माझं ऐकत न्हाई ती. तू ने तिला."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि तशीच धरून ठेवली. मग पोट तपासलं. गर्भपिशवीत गाठ होती. ऑपरेशन लागेल, म्हणाल्या, पण त्याआधी रक्त तपासायला हवं; त्याशिवाय बेळगावला कुणी टेबलावर घेणार नाही. आणि असंच अंगावरनं जात राहिलं तर पावसाळा दिसणार नाही. हे सगळं कानडीत, सरळ तिच्या तोंडावर. आमच्याकडं सगळ्यांनाच कानडी कळते. मला मराठीत सांगायला काही उरलंच नाही.

त्या दिवशी रक्त घेणारी सिस्टर गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या, म्हणाले. सोमण्णाही आमच्याबरोबर आला होता. परतताना बसमध्ये द्वारकाक्का एकदाच त्याच्याकडं वळली. "रगत बघून त्यास्नी कळतंय व्हय, माणूस ऱ्हातंय का जातंय?"

"कळतंय," सोमण्णा म्हणाला.

"म्हंजे कौलच की ह्यो."

"व्हय, कौलच म्हण," तो म्हणाला. तिनं एवढं तरी बोलावं, यातच त्याला बरं वाटलं होतं.

आमच्या वाडीच्या देवाला अडल्या माणसानं कौल लावायची रीत आहे. ओल्या दगडावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न मनात धरायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल मागणाऱ्यानं आदल्या सांजेपासून अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पहाटे ओढ्यावर अंघोळ करायची, ओलेत्यानं जायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द काढला की कौल बाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाक्का बस थांब्यावर आली ती ओल्या लुगड्यानं. थंडीचे दिवस. दात वाजत होते. मी विचारलं, अक्का, हे काय? तिनं फक्त मान हलवली. मला वाटलं, भीतीनं वाचा बसलीय. सोमण्णा कामावर गेलेला. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली, आणि ओठ हलत होते, आवाज नाही.

दवाखान्यात मी चिठ्ठी करायला खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. तिला आत बोलावलं. सिस्टर हळियाळची, बोलायला मोकळी. तिनं नंतर मला सांगितलं, की तिनं विचारलं होतं: काही खाल्लंय का? आधी कधी चक्कर आलीय का? घाबरायला होतं का? प्रत्येक प्रश्नाला बाई तिच्याकडं नुसती बघत राहिली. सिस्टरला वाटलं, ऐकू येत नसेल. हातानं खूण करून तिला उंच स्टुलावर बसायला सांगितलं. आणि जी बाई आयुष्यात कधी खुर्चीवर बसली नव्हती, ती मुकाट्यानं स्टुलावर चढून बसली. नको म्हणायला बोलावं लागलं असतं.

मला आवाज ऐकू आला. आधी स्टूल, मग ती.

मी धावले. हनुवटी फुटली होती, रक्त लुगड्यावर. पण भीती त्याची नव्हती. भीती ती परत येत नव्हती याची. शाळेत आली होती तशी थोड्या वेळानं येईल म्हणून मी वाट बघितली, ती येईना. सिस्टरनं पाय उचलून धरले, डॉक्टरीणबाई आल्या, गालावर थापट्या मारल्या, हाका मारल्या. ओल्या लुगड्यात तिचं अंग माशासारखं गार. मी तिची नाडी चाचपत होते आणि मला माझीच लागत होती. खळ्यावर सूप धरून बसलेली एक बाई, जिला मी कधी बघितलं नाही, ती मला दिसायला लागली.

मग द्वारकाक्कानं श्वास ओढला. डोळे फिरले, जागेवर आले. तिनं माझं मनगट धरलं, ते दुखेपर्यंत.

"हात धरला गे तिनं," ती म्हणाली.

रक्त घेतलंच गेलं नव्हतं. सुई टोचायच्या आधीच ती पडली होती.

आणि मग तिनं नाही म्हटलं. पुन्हा जाणार नाही. मी समजावलं, सोमण्णानं समजावलं, तिची गोव्याला दिलेली लेक फोनवर रडली. "हात धरलाय," एवढंच तिचं उत्तर. "आता पुढं काय ऱ्हायलंय? पुढच्या खेपेला घेऊनच जाईल." गोठ्यामागं फडकी वाळत होती. तिचे तळवे मेणासारखे झाले होते. न जावं तर असं जाणार, आणि जावं तर तसं. या दोन्हींच्या मध्ये ती भिंतीला पाठ लावून बसून होती.

ओलं लुगडं, उपास आणि मौन कौलाचं होतं हे तोवर मला उमगलं होतं; डॉक्टरीणबाईंना मी जाऊन ते सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ऊट माडबाऱ्दु अंत यारू हेळिदरू?" जेवायचं नाही म्हणून कुणी सांगितलं? या तपासणीला उपास लागतच नाही. पोटभर खाऊन, तांब्याभर पाणी पिऊन यायचं. आल्या आल्या सांगायचं, की मला चक्कर येते. आडवं निजूनच रक्त द्यायचं. डोळे फिरायला लागले की पाय आणि मांड्या घट्ट आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. म्हणजे रक्त डोक्याकडं चढतं. बोलत राहायचं.

हे मी द्वारकाक्काला सांगितलं. ती म्हणाली, "जेवून, निजून, बोलत? असला कौल देव मान्य करतो व्हय?"

तेव्हा सोमण्णानं एकच शहाणपणाचं काम केलं. तो कौल लावणाऱ्या म्हाताऱ्या गावकरांना घरी घेऊन आला. गावकर ओटीवर बसले, पान जुळवलं, सगळं ऐकलं.

"द्वारके, देवाकडं गेलीस तर उपास. ही सरकारी कचेरी हाय. कचेरीत जाताना जेवून जायाचं असतंय. कवा सोडतील नेम न्हाई."

"आणि बोलायचं?"

"बोलायचं. भांडायचं. तिथं मुकाट बसल्याचं काम हुतंय व्हय? मी पेन्शनीसाठी सा म्हैने मुका बसलो, काय झालं?"

सोमण्णा हसला. मीही हसले. द्वारकाक्का हसली नाही.

"आणि आई?" ती म्हणाली.

गावकरांनी पान तोंडात घातलं नाही. हातातच धरून राहिले. "तिचं मी काय सांगू," असं म्हणाले, आणि उठले.

तरी ती तयार झाली. कशी झाली ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी मी गेले तर ओटीवर तालीम चाललेली. ती चटईवर आडवी, सोमण्णा शेजारी उकिडवा, तिच्या कोपराच्या खोबणीत अंगठा दाबून.

"टोचालोय बग."

"टोच की मेल्या, सांगतोस काय."

"पाय आवळ. सोड. आवळ. तोंड चालू ठेव."

"तोंड काय ठेव? लग्न झाल्यापासनं चालूच हाय."

मी दारात उभी राहून हसत होते, आणि मग माझं लक्ष आत गेलं. चुलीजवळची सगळी भांडी घासून पालथी घातली होती. कोंबड्यांची डाल शेजारणीच्या अंगणात पोचती झाली होती. तिची दोन चांगली लुगडी लेकीसाठी फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली. तयारी दोन्ही बाजूंनी चालली होती.

सकाळी ती ताटलीभर पेज जेवली, तांब्याभर पाणी प्याली, सोमण्णानं आणखी अर्धा तांब्या पाजला. त्यामुळं जोयड्याला उतरल्यावर आधी आडोसा शोधावा लागला. दवाखान्याच्या पायरीवर ती थांबली, खांबाला हात लावला. मी म्हटलं, अक्का, परत जायचं का? ती माझ्याकडं न बघता आत शिरली आणि दारातूनच ओरडली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं:

"मला चक्कर येत्या! मला निजवा!"

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सिस्टर उठून आली. "मलगसोण री, मलगसोण," म्हणत तिनंच तिला धरून खाटेवर निजवलं. हनुवटीवरच्या टाक्यांना हळूच बोट लावलं आणि दुसरीकडं बघितलं.

सोमण्णा बाहेर थांबला. मी पायाशी बसले. रबर आवळलं. शीर मिळेना. सिस्टर चापट्या मारून बघतेय, दुसरा हात बघतेय, आणि द्वारकाक्काचं कपाळ ओलं व्हायला लागलं. वाट बघणं सुरू झालं होतं.

"अक्का, सांबार कसं करतेस सांग."

"डाळ... डाळ आधी धुवायची. तुला काय कराय येतंय, बी.ए. झालीस खरं... डाळ धुवायची, हळद..." मग आवाज बारीक झाला. "कान भरले गे."

"पाय आवळ."

"माणसं लांब जायाय लागली."

मी तिची दोन्ही पावलं धरली. बर्फ. "आवळ अक्का. सोड. आवळ." मांड्या थरथरत होत्या, पण ती आवळत होती. सिस्टरला शीर मिळाली होती, सुई आत होती, नळीत रक्त येत होतं, पाण्यासारखं फिकं आणि सावकाश. मी नळीकडं बघितलं नाही. तिच्या डोळ्यांकडं बघत होते, पांढरं दिसतंय का म्हणून.

तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं बोलली. माझ्याशी नव्हे.

"आज येत न्हाई मी. हात सोड. आज न्हाई."

सिस्टरचा हात क्षणभर थबकला. मी मान हलवली, चालू द्या.

"मुगीतु री," सिस्टर म्हणाली. झालं.

द्वारकाक्का तशीच पडून राहिली. कापूस दाबून धरलेला, पाय अजून आवळलेले. मी म्हटलं, झालं अक्का, सोड आता. तिनं डोळे उघडले, छताकडं बघत राहिली. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात गेलं.

"खळं रिकामंच हुतं गे," ती म्हणाली. "आई न्हवती."

सुटका झाल्याचं ते रडणं नव्हतं, एवढं मला कळलं.

रक्त इतकं कमी निघालं की डॉक्टरीणबाईंनी तिला घरी जाऊच दिलं नाही. त्याच दुपारी गाडीनं बेळगावला. तिथं बाटल्या चढवल्या, मग ऑपरेशन झालं. उळवीची जत्रा होऊन गेल्यावर ती परत आली, अर्धी झालेली, पण ओठांना रंग होता. हाताची शीर मिळवायला तिकडंही रोज शोधाशोध व्हायची म्हणे. रोज ती आधी ओरडून सांगायची, रोज निजायची, रोज तिचे पाय थरथरायचे. "सवय झाली असेल आता," मी म्हटलं. तिनं मला वेड्यात काढलं. "भ्यायची सवय हुतंय व्हय कुणाला?"

काही महिन्यांनी मला कारवारकडं शाळेत नोकरी लागली. पुढं द्वारकाक्का आणि सोमण्णा लेकीकडं गोव्याला गेली, त्यामुळं नंतर भेट झाली नाही. मी तिला शेवटचं बघितलं ते मी ट्रंक घेऊन निघाले त्या सकाळी.

मी रस्त्याच्या एका बाजूला, माझ्या बसची वाट बघत. पलीकडून जोयड्याकडं जाणारी बस आली. द्वारकाक्का थांब्यावर एकटीच होती. तपासणीची तारीख होती. सोमण्णाला जंगलात वणवा अडवायच्या जाळरेषा कापायच्या कामातून सुट्टी मिळाली नसणार. मी हाक मारणार होते, पण तिचं तोंड बघून मारली नाही. पीठ फासल्यासारखं होतं. ती बसमध्ये चढली आणि दारातच कंडक्टरला म्हणाली:

"मला चक्कर येत्या हं. आधीच सांगून ठेवतो."

"अवा, इथं कोण सुई टोचालंय तुला? बस हाय ही," कंडक्टर म्हणाला. तिची सुईची गोष्ट त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होती. आतले लोक हसले.

"टोचत न्हाई, खरं जायाचं तिथंच हाय न्हवं? भ्या वाटालंय मला. निजायला मागचं शीट मोकळं करा."

हसणं थांबलं. कुणीतरी उठलं, कुणीतरी पिशवी उचलली. ती दोन्हीकडच्या पाठी धरत धरत मागं गेली आणि मला दिसेनाशी झाली. कंडक्टरनं शिट्टी मारायच्या आधी मागं वळून एकदा बघितलं, मग ड्रायव्हरला म्हणाला, सावकाश घे रे.

बस निघाली. मागच्या काचेत माणूस दिसत नव्हतं. सीटच्या दांडीला घट्ट धरलेला एक हात तेवढा दिसत होता. गाडी वळणावर कलली, तरी तो सुटला नाही.